सहावी बशी

डेल्विन खालच्या मजल्यावर राहायला आला तेव्हा माझे दोन्ही मुलगे कॅनडाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि नवरा देवाघरी. आमच्या गावच्या बास्केटबॉल क्लबनं त्याला अमेरिकेहून आणलं होतं. तो गार्ड होता. गार्ड म्हणजे चेंडू पुढं नेऊन डाव रचणारा, हे मला माझ्या नणंदेनं, नुहादनं सांगितलं. मैदानावरच्या शिव्याही तिलाच पाठ होत्या.

पहिल्या रविवारी मी त्याला द्राक्षाच्या पानांत वळलेला भात पाठवला, माझ्या आईच्या निळ्या काठाच्या सहा बश्यांपैकी एकीत. दुसऱ्या दिवशी बशी दाराशी होती. लखलखीत धुतलेली आणि रिकामी.

"घे," नुहाद म्हणाली, "तुझ्या ताडमाडानं संबंधच धुऊन टाकले!"

"परका आहे गं. त्याला काय ठाऊक?"

"आईनं शिकवलं नाही वाटतं."

आई त्याच्या लहानपणीच गेली होती, हे नंतर कळलं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. "बाळा, आमच्याकडे शेजाऱ्याची बशी रिकामी परत देत नाहीत. तसं दिलं म्हणजे, पुन्हा पाठवू नका."

त्यानं कपाळाला हात लावला. "तान्त, मी तर किती घासून धुतली!" सगळं गाव मला तान्त, म्हणजे मावशी म्हणायचं, तोही म्हणू लागला.

मग बशीतून संत्री आली, बिस्किटं आली. एकदा डब्यातला मासा आला. "समोर अख्खा समुद्र," नुहाद आठवडाभर हसत होती, "आणि हा डब्यातला मासा देतोय!"

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात जेवताना तो कॉलेजबद्दल बोलायचा. त्याच्या गावात न्हाव्यानं दुकानात त्याचा फोटो लावला होता. तो चेंडू घेऊन निघाला की सगळं मैदान उभं राहायचं. पुढं पोलंड, तुर्कस्तान, व्हेनेझुएला. सगळीकडे पलंग आखूड, आणि निघताना किल्ली परत द्यायची.

"मित्र?"

"नंबर असतात, तान्त. लावत कुणी नाही."

नाताळनंतर त्याचा गुडघा सुजला. संघात परदेशी खेळाडूंना जागा मोजक्याच. एक लंगडला की दुसरा मागवतात. क्लबचा कारभार बघणारा घस्सान जिन्यात भेटला. "शनिवारी खेळला तर राहील. नाहीतर नवा ठरलाय. मी तरी काय करू, तान्त?"

शनिवारी आम्ही दोघी गेलो. खेळ मला कळत नव्हता. मी त्याचा पाय बघत होते. शरदात त्याच्या नावानं नाचलेलीच माणसं आता ओरडत होती, "घरी जा!"

नुहाद मागं वळली. "मेल्या, तुझा गुडघा असा सुजू दे, मग बघते कसा उड्या मारतोस!"

डेल्विनला बाहेर बोलावलं. तो डोक्यावर टॉवेल घेऊन बसला, तो शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला. हातात बशी. तिच्यात अर्धं कॉफीचं पाकीट, अंडी, एक कांदा. घरात उरलेलं सगळं. खाली घस्सान गाडीचा भोंगा वाजवत होता.

मी एकेक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. बशीत खजुराची बिस्किटं रचली आणि ती त्याच्याच हातात दिली.

"तान्त, मी परत कशी करणार?"

"ते तू बघ. रिकामी आणू नकोस म्हणजे झालं."

सरावाच्या सदऱ्यात बशी गुंडाळून त्यानं जपून पिशवीत ठेवली.

पुढं कुणी म्हणालं, मोरोक्कोत खेळतोय. कुणी म्हणालं, खेळ सोडला. नुहाद होती तोवर दर ईस्टरला कपाट उघडून विचारायची, "वहिनी, सहावी बशी?"

"शेजाऱ्याकडे आहे."

"कुठला शेजारी गं? खाली तर चौथा आलाय!"

"त्याच्याकडेच आहे."

आता विचारणारंही कुणी नाही. खाली क्लबची मुलं येतात, जातात. रविवारी मी त्यांनाही भात पाठवते. कागदी बशीत.