खडूची फुली

सासऱ्यांनी लोखंडी सळईचं एक टोक मोरीतल्या पाइपला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

घर गप्प झालं. हा या घरचा जुना रिवाज होता. सळई लागली की पंखा बंद, फ्रिज बंद, सुनेचं शिलाई मशीन बंद. सहा वर्षांची नात तर गाल फुगवून श्वास कोंडून बसायची. सासऱ्यांनी चाळीस वर्षं प्लंबिंग केलेलं. बाकीचे अख्खं अंगण खणून ठेवत, हे सळई लावून खडूने एक फुली मारत. फुलीखाली ओल निघाली नाही असं कधी झालं नव्हतं. ती सळई त्यांनी पोटच्या मुलालाही हाताळू दिली नव्हती.

"काही नाही," डोळे उघडत ते म्हणाले. "लाइन ठणठणीत आहे."

महिन्यात हे तिसऱ्यांदा. घरातले सगळे नळ बंद असूनही दाराबाहेरच्या मीटरचा बारीक लाल काटा फिरत होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी नको होता. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंड्यांना घालणारी सून, तिला तो काटा बघवत नव्हता. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो नातीपायी. पोरीचं पोट महिन्यात दोनदा बिघडलं होतं, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? पाइप फुटला की पाणी असताना ते बाहेर जातं आणि पाणी गेलं की बाहेरची घाण आत येते, हे सासऱ्यांनीच तिला कधीतरी सांगितलेलं. त्यांचा पाइप अंगणात गटाराला लागून जात होता. प्यायचं पाणी ती उकळत होती, पण दात घासताना पोरगी किती घोट गिळते ते कोण बघणार?

नवऱ्यापाशी विषय काढून झाला होता. "बाबा काही नाही म्हणाले ना? मग काही नाही," असं म्हणून तो कामावर गेला होता.

"बाबा, अंगणाकडच्या नळाला एकदा लावून बघता का?"

"घे, तुझ्या समाधानासाठी." ते मागच्या दारातल्या नळापाशी गेले आणि सळई टेकवून डोळे मिटले.

तेवढ्यात ओट्यावर कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायचा राहिला होता. सुनेने जीभ चावली. आता बाबांचा पारा चढणार, हे ठरलेलंच होतं. एकदा नुसता चमचा पडला म्हणून त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं होतं. दुसरी शिट्टी झाली, चांगली लांबलचक. सासऱ्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

"आता कसं शांत आहे," ते म्हणाले. "काही नाही, बघ."

नात फिस्सकन हसणार होती. सुनेने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभी राहिली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? ज्या माणसाचा कान हीच त्याची अब्रू, त्याला हे सांगायचं कसं? आणि नाही सांगायचं तर पोरीला तेच पाणी द्यायचं?

ती परत आली. "बाबा, मला शिकवा ना हे."

"कशाला? मी आहे ना."

"आहात म्हणून तर शिकायचंय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे ओट्याकडे. कुकरवर अजून वाफ होती. ते सळई सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"दोन."

त्यांनी सळई तिच्यापुढे धरली.

ती थंड होती आणि वाटली त्यापेक्षा जड. सुनेने ती कानाला लावली.

"समुद्रासारखं घूं होतंय."

"ते तुझ्याच कानातलं. ते सोड, त्याच्या पलीकडचं ऐक."

दोरा तुटायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो, तो तिला गप्पा मारतानाही कळायचा. तसं तिने कान दिला. अंगणातल्या फरशीवर सळई टेकवत वीतवीत पुढे सरकत गेली. सासरे खडू घेऊन शेजारी उकिडवे बसून सरकत होते.

"दातांतून कुणी हवा सोडतंय, असं काहीतरी."

"थांबून थांबून की सलग?"

"सलग."

"पुढे घे. वाढलं?"

"वाढलं. आता कमी झालं."

"मागे ये."

ती जिथे थांबली तिथे त्यांनी काही न विचारता फुली मारली.

फरशी त्यांनीच उचकटली. हातभर खाली काळा चिखल होता आणि त्याला वास होता. पाइपचा जोड तडकला होता, आणि गटाराची भिंत तिथेच पाझरत होती. सासऱ्यांनी हातातली पहार बाजूला ठेवली.

"पहिल्यांदा सळई लावली तेव्हा पोरीचं पोट चांगलं होतं," ते म्हणाले. "मी काही नाही म्हणालो. मला ऐकू आलं नाही, असं म्हणायला हवं होतं."

सुनेला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा जोड बसवला. त्याला हात पुरेसे होते, आणि हात अजून पक्के होते. टाकी रिकामी करून घासली, पाइपमधलं गढूळ पाणी सोडून दिलं. मग सगळे नळ बंद केले. काटा थांबला होता, तरी ऐकून खात्री करायची पद्धत होती.

सळई त्यांनी सुनेच्या हातात दिली. स्वतः उठून फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, गॅसकडे बघून घेतलं. मग नातीला विचारलं,

"आता काही वाजतंय का गं?"

"घड्याळ वाजतंय, आजोबा."

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसले. नातीने गाल फुगवले. त्यांनीही फुगवले.