पूर्ण उकळीची बिअर

जूनमधल्या आपल्या लग्नात डॅडचीच तांबूस बिअर हवी, असं ब्रिटानं जाहीर केलं आणि माझ्यामागं हे शुक्लकाष्ठ लागलं. एकुलती एक लेक. तिच्या लग्नात माझ्या हातची बिअर ओतली जाणार, या आनंदात मी अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावभर सांगत सुटलो. तिथंच चुकलो.

कारण ही बिअर स्वयंपाकघरातली. वीस-एक वर्षं मी ती माझ्या बायकोच्या, जोलीनच्या, शेगडीवर करत आलो. शेगडीवर बसणारं भांडं लहान, त्यात सगळं पाणी मावत नाही. म्हणून माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, दाट गोड काढा अर्ध्याच पाण्यात उकळायचा, त्यात कडूपणासाठी हॉप्सच्या फुलांच्या हिरव्या गोळ्या टाकायच्या, आणि काढा निवला की वरून साधं पाणी ओतून भर करायची. दर खेपेला काढा उतू जायचा, शेगडीवर काळा चिकट थर बसायचा आणि जोलीन पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायची. लग्नाचं ठरलं तसं तिनं मला एक मोठं स्टीलचं पातेलं आणि गॅसची भट्टी आणून दिली आणि गॅरेजचा रस्ता दाखवला.

मी खूशच झालो. आता सगळं पाणी एकदम उकळणार, खऱ्या बिअरवाल्यांसारखं. वरून भर घालायची भानगड नाही. बाकी कृती तीच, माल्ट तेच, गोळ्याही तेवढ्याच. फेब्रुवारीच्या थंडीत गॅरेजचं दार अर्धं उघडं टाकून, हातमोजे घालून मी पहिली बिअर उकळली. ती तयार झाल्यावर आमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबात घेऊन गेलो. क्लब म्हणजे ऑर्विलचं तळघर. ऑर्विल आमच्यातला सगळ्यात जुना. त्यानं घोट घेतला, ग्लास दिव्यासमोर धरला, आणि म्हणाला, "वेगळी आहे."

संपलं. आमच्याकडं कुणी कशाला वाईट म्हणत नाही. शेजाऱ्यानं घराला जांभळा रंग फासला तर तो वेगळा. चर्चच्या जेवणात कुणाची कोशिंबीर तोंडात धरवत नसली तर तीही वेगळी. त्यामुळं बिअर बिघडलीय हे मला तिथंच कळलं. पण घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कुणी सांगेना. ऑर्विलला खोदून खोदून विचारलं, तर तो म्हणाला, रंग मस्त आलाय. रंगाला काय चाटायचंय?

मी पाणी बदलून पाहिलं. वेगळी. यीस्ट बदललं. तरी वेगळी. जोलीनला विचारलं, तर ती म्हणाली, ठीक आहे की. जोलीन 'ठीक आहे की' म्हणाली म्हणजे प्रकरण वेगळीच्याही पुढं गेलं, एवढं लग्नाच्या इतक्या वर्षांत मला समजतं. ब्रिटा प्रत्येक वेळी ग्लास हातात घेऊन हसायची आणि पाहुण्यांच्या यादीवर बोलायला लागायची. तुम्ही म्हणाल, तुला स्वतःला जीभ नव्हती का? होती. पण मी दिवसभर काळी कॉफी ढोसणारा माणूस, त्यात एकच बिअर रोज चाखत बसलं की जीभ तिला सरावते. काहीतरी खटकत होतं, पण मला वाटायचं नव्या पातेल्याचा धातू उतरतोय. मी ते पातेलं घासून घासून हात सोलवटून घेतले.

एप्रिल संपता संपता घरी एक फोन आला. एका ब्रूअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, माणूस होता. ब्रिटा टॉरगर्सनच्या लग्नाची पिंपं हॉलवर सकाळी पोचवायची की दुपारी, असं विचारत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण इथलाच ना मी! दुपारी आणा म्हणालो, वर आभार मानले, आणि फोन ठेवून गॅरेजमध्ये जाऊन एका बादलीला लाथ घातली.

रविवारी चर्च आटोपून ब्रिटा आली. मी तिला सरळ गॅरेजमध्ये बोलावलं आणि दुसरीकडून बिअर मागवलीस ना, म्हणून विचारलं. तिचा चेहरा लालभडक झाला.

"तू इथं कुडकुडत उभा असायचास, डॅड. कशी सांगणार होते मी?"

"तोंडानं. परक्या माणसाला पिंपं मागायला तोंड आहे, बापाशी बोलायला नाही?"

मी पुढं म्हणालो, "काय बिघडलंय ते एका शब्दात सांग. आणि वेगळी म्हणालीस ना, तर हे सगळं आत्ता गटारात ओततो."

"कडू आहे," ती म्हणाली. मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "भयंकर कडू आहे, डॅड. एका घोटात घसा आवळतो. मॉम तिचा ग्लास कुंडीत ओतते. ते झाड मेलं."

तीन महिने मी याच एका शब्दासाठी तडफडत होतो. आणि तो कानावर पडला तेव्हा मला इतका राग आला की विचारू नका. बिअर कडू नाही तर काय सरबतासारखी हवी, असं काहीबाही मी ओरडलो. तुझ्या जिभेला काही कळत नाही, घरी जा, असंही म्हणालो. ती गेली नाही. पोचा आलेली बादली उपडी करून तिच्यावर बसून राहिली.

कडू. मी हॉप्सचं पाकीट हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. दाट काढ्यात कडूपणा नीट उतरत नाही. म्हणून तर शेगडीवर मी गोळ्या हात सैल सोडून टाकायचो. आता सगळं पाणी उकळीत असल्यावर काढा पातळ, आणि पातळ काढा गोळ्यांतलं सगळं ओढून घेणार. पातेलं मोठं झालं की गोळ्या कमी करायच्या. क्लबात नव्यानं येणाऱ्यांना हे शहाणपण मीच शिकवतो! आणि ऑर्विलला तर हे पहिल्याच घोटात कळलं असणार. मेल्यानं रंगाचं कौतुक केलं.

मी तिथंच भट्टी पेटवली. तराजूवर नेहमीच्या गोळ्या घातल्या आणि त्यातल्या पाव भागाएवढ्या बाजूला काढल्या.

"अजून काढ," ब्रिटा म्हणाली.

"अगं, मिळमिळीत होईल."

"अजून, डॅड."

मी शिव्या घालत आणखी काढल्या.

मेच्या मध्यावर ते पिंप उघडलं. ब्रिटानं अर्धा ग्लास संपवला. माझा जीव टांगणीला.

"जरा गोड झालीय," ती म्हणाली, आणि ग्लास पुन्हा पुढं केला.

"सांगितलं होतं मी!" मी ग्लास काठोकाठ भरून दिला. तिनं विचारलं, मग ब्रूअरीची पिंपं रद्द करायची ना? मी म्हणालो कर, पण फोन तू कर. माझ्याच्यानं त्या माणसाला नाही म्हणवणार नाही.