वरच्या वस्तीची नोंद

"काका, हा डाग पांढरा का आहे?"

टेपकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. कमरेला कायम मोजायची टेप, म्हणून वनखात्यात सगळे त्यांना टेपकाकाच म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. विचारणारी मुलगी नकाशाच्या कामावर नवीन होती. बाजारात कुणी ढुंकूनही न बघणारं एक आंबट रानफळ कुठं कुठं रुजू शकेल, याचा अंदाज ती संगणकावर काढत होती. पाऊस, ऊन, माती तिनं भरली होती. झाड कुठं आहे आणि कुठं नाही, हे मात्र काकांच्या सात वर्षांच्या वह्यांतून घेतलं होतं. नकाशात जिथं हिरवं येईल, तिथं रोपं जाणार होती.

"सगळा डोंगर हिरवा आणि वरची वस्ती तेवढी पांढरी. पाऊस तोच, माती तीच," ती म्हणाली. "तुम्ही तिथं 'झाड नाही' लिहिलंय. म्हणजे जाऊन बघितलं आणि नव्हतं, असंच ना?"

"असंच," काका म्हणाले.

झाडं होती. वरच्या वस्तीत काकांचा थोरला भाऊ राहायचा, आणि त्याच झाडांवर चढून दोघांनी गुडघे फोडून घेतले होते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा काका उशिरा भेटायला गेले, तर दादा चारचौघांत म्हणाला होता, "आले बघा पाहुणे. पाणी द्या त्यांना." ते काकांनी मनाला लावून घेतलं. पुढं मोजणी निघाली तेव्हा जीप खालच्या वळणावरच थांबवून त्यांनी लिहून टाकलं, नाही. दादाच्या दारात जाण्यापेक्षा ते सोपं होतं. काका माणूस म्हणून वाईट नव्हते, पण हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

नकाशा शनिवारी साहेबांकडे जायचा होता. निवृत्तीला चार महिने उरलेले. खोटी नोंद कबूल केली तर चौकशी लागणार हे उघड होतं. तरी शुक्रवारी सकाळी काका वही घेऊन वर चढले.

दादा अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. वर न बघता म्हणाला, "बस."

"झाडं मोजायला आलोय, दादा."

"कुठली?"

काकांनी उताराकडे पाहिलं. उतार उघडाबोडका होता. नुसते बुडखे.

"दोन वर्षांमागं रोपं मागायला तुमच्या हापिसात आलो होतो," दादा म्हणाला. "साहेबानं वही काढली. म्हणाला, तुमच्याकडे हे झाड होतच नाही. आम्ही सांगतोय आहेत, तर म्हणे दुसरं काहीतरी असेल. लोक म्हणाले, ज्याला कुणी ओळखतसुद्धा नाही ते ठेवायचं कशाला? जळणाला गेली सगळी."

"ती नोंद माझी होती."

"ठाऊक आहे. अक्षर तुझं होतं. मीच गिरवून घेतलंय ते."

काकांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "मग मला भेटला का नाहीस?"

"तू आला होतास का?"

दादा उठला आणि घरामागं चालू लागला. तिथं एक झाड उभं होतं, खोडापर्यंत फळांनी लगडलेलं.

"हे कसं राहिलं?"

"लोक मागत होते. मी दिलं नाही." दादानं खोडावर हात ठेवला. "हेही तोडलं असतं तर तुझं खरं झालं असतं."

काकांचे डोळे भरून आले. ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

"बुडखे चालतात का तुमच्या नकाशाला?" दादानं विचारलं.

"चालतात. इथं रुजलं होतं एवढं कळलं की पुरे."

दुपारपर्यंत दोघं उतारावर फिरले. दादा गवत बाजूला सारून दाखवत होता, काका मोजत होते. शेवटी एका बुडख्यावर बसून काकांनी लिहिलं: उभं झाड एक, तोडलेली सत्तेचाळीस. खाली लिहिलं, 'आधीची नोंद मी इथं न येता केली होती,' आणि सही केली.

दादानं वही घेऊन ती ओळ सावकाश वाचली. मग वही परत देत म्हणाला, "ओढ्याकडचे राहिलेत अजून. चल."