वहिनीनं धरलेली लिफ्ट

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या वहिनीनं एकदा सात माणसं दोन हातांवर तोलली होती. हसू नका. ते शौर्यपदक भिंतीवर उगाच नाही लटकलेलं. या शिंप्याला विचारा, शेजारीच राहतो.

"मला कशाला मध्ये ओढता?" शिंपी म्हणाला. "मी तर हे तुमच्याच तोंडून ऐकतोय. दर वेळी नवीन!"

वहिनी तेव्हा एका पाच मजली कचेरीत जिने पुसायची. तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत स्प्रिंग बदलताना लिफ्ट घसरू नये म्हणून मी ब्रेकचा लांब दांडा दाबून धरायचो, ते ती दारातून बघायची. तेवढंच तिचं शिक्षण.

एक दिवस ती गच्ची झाडत असताना खोलीत तोफ उडावी तसा आवाज झाला. ब्रेकची स्प्रिंग तुटली, आणि सात माणसांसकट लिफ्ट खाली घसरू लागली. वहिनीनं झाडू फेकला आणि दांड्यावर पालथी पडली. लिफ्ट थांबली! चार साहेब धावत आले. पण हात बदलायला जावं तर लिफ्ट वीतभर घसरे. मग काय, "ताई, तुम्हालाच छान जमतंय," म्हणत चौघंही मागे सरले.

दांडा असा तापला, की कबुतरं ऊब घ्यायला खिडकीत येऊन बसली.

"भर उन्हाळ्यात?"

"कबुतरांना काय कळतं! तिच्या पायाखालची फरशी चार बोटं खचली, ती अजून तशीच आहे."

पण शिंपीबुवा, एक गोष्ट थाप नाही. तिच्या तळव्यांची कातडी दांड्याला चिकटून राहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली. दहा मिनिटं तो दांडा धरला तर माझे खांदे भरून येतात. आणि ही एवढीशी बाई! लिफ्टमध्ये कोण आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

शिंप्याचा चहा हातातच राहिला. "मग सुटली कशी?"

"निरोप मिळाला तसा मी वाऱ्यासारखा सुटलो. पंधरा मिनिटांत हजर! स्प्रिंग बसवली, सातही जण सुखरूप बाहेर."

तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली.

"कबुतरं आली, फरशी खचली, सगळं कबूल, भाऊजी. पण पंधरा मिनिटं साफ खोटं! निरोप गेला साडेदहाला, तुम्ही उगवलात अडीचला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी दुसरं बघणार तरी काय होते?"