नीटनेटकी वही

शाळेनं बोलावलं होतं करुणाला. पण नवरा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, आणि मास्तरांसमोर एकटीनं बसायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, तुम्ही चला संगं. वह्या-पुस्तकांतलं तुम्हाला कळतं."

कडुबा साळवे निमूटपणे धुतलेला सदरा घालून निघाले. वह्या-पुस्तकांतलं त्यांना कळत होतं, हे खरंच. एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली होती. वैजापूरकडच्या ज्या वस्तीतून ते आले, तिथं त्यांच्या वडिलांना सही येत नव्हती. त्यामुळं लिहिता येणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. घराण्याची अब्रूच होती म्हणा ना.

आणि त्यांची नात तनुजा चौथीत येऊनही लिहीत नव्हती. दोन वर्षांपासून तिचा घरचा अभ्यास कडुबाच लिहीत होते.

सुरुवात एका पानापासून झाली. दुसरीत असताना रविवारी संध्याकाळी पोरीच्या पोटात दुखायचं, सोमवारी सकाळी उलटी व्हायची. पाटीवरचं उतरवायला बसली की अक्षरं जागची हलतात, असं ती सांगायची. आई म्हणायची, नाटकं करते. एकदा कडुबांना राहवलं नाही. एक पान त्यांनी लिहून दिलं, आणि तो सोमवार बिनउलटीचा गेला. मग दुसरं पान, मग सगळी वही. करुणा कामावरून यायच्या आत हे उरकायचं. आपलं वळणदार अक्षर मोडून त्यांनी पोरीला शोभेल असं मोठं, जरा कललेलं अक्षर बसवलं. मुद्दाम चुकायचं, खोडरबरानं कागद काळा करायचा, पुन्हा लिहायचं. काम चोख होतं. हे आपल्या दोघांतच राहील, असं वचनही त्यांनी तिला दिलं होतं.

ऐकण्यात मात्र पोरगी तल्लख होती. एकदा वाचून दाखवलेला धडा ती दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सांगायची. त्यामुळं कडुबांना वाटायचं, आज ना उद्या हातही सुटेल.

शाळेत वर्गशिक्षक इंद्रजीत सर होते आणि शेजारी सुलेखा मॅडम. या मॅडम विशेष शिक्षिका. महिन्यातून दोनदा यायच्या. ज्यांना लिहिण्या-वाचण्यात अडचण आहे अशा मुलांची यादी त्यांना त्याच दिवशी पाठवायची होती. यादीतल्या मुलांची तपासणी होणार, दाखला मिळणार, मग परीक्षेला जास्तीचा वेळ आणि शिकवायची वेगळी पद्धत. पुढची यादी थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर तनुजा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेली असणार.

मॅडमना तिच्याविषयी शंका होती. पण हातात पुरावा नव्हता. वर्गातली वही कोरी. चाचणीचे पेपर कोरे. कोऱ्या कागदावरून काय सांगणार? आणि घरच्या अभ्यासाची वही तर भरलेली.

"घरी लिहिते, वर्गात लिहीत नाय," इंद्रजीत सर म्हणाले. "याला अडचण नाय म्हणत मॅडम, आळस म्हणतात. नीटनेटक्या वहीचं बक्षीस हाय तिला. तिसरं."

करुणाचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तिला काही झालेलं नाय ना, सर? मग तुम्ही काळजीच सोडा. घरी गेल्यावर सरळच करते तिला."

मॅडमनी वही पुन्हा चाळली, मिटली आणि यादीचा कागद पुढं ओढला. बाकीची नावं लिहून झाली होती. खाली सही तेवढी राहिली होती.

कडुबा आयुष्यात चारचौघांत फारसे बोलले नव्हते. ग्रंथालयात ते खपूनही जायचं. आत्ताही ते टेबलाच्या कडेकडं बघतच बोलले.

"ती वही माझी हाय, मॅडम."

"तुमची म्हणजे?"

"मी लिहिलीय. दोन वर्षं झाली."

मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तिसरं बक्षीस आजोबांचं." इंद्रजीत सर खोकले. करुणानं पदर तोंडाशी नेला. ती सासऱ्याकडं बघत नव्हती.

मॅडमनी दोष दिला नाही. तनुजानं स्वतः लिहिलेलं एखादं पान घरी असेल तर तेवढं आणा, म्हणाल्या. कुठलंही चालेल. कडुबांनी मनातल्या मनात सगळं घर धुंडाळलं. भीमजयंतीला मैत्रिणींना वाटलेली शुभेच्छापत्रंसुद्धा त्यांनीच लिहिली होती. पोरीच्या हातचा एक शब्द त्यांनी घरात शिल्लक ठेवला नव्हता.

"नाय," ते म्हणाले.

मग तनुजाला वर्गातून बोलावलं. तिनं टेबलावरची वही पाहिली, मग आजोबांचा चेहरा. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. मॅडमनी कोरा कागद पुढं ठेवला आणि म्हणाल्या, चार ओळी मी सांगते, तू लिही; चुकलं तरी ते मला हवंच आहे.

"आबांना बाहेर जाऊ द्या," तनुजा म्हणाली.

कडुबा बाहेर गेले. व्हरांड्यात नळापाशी वीसेक मिनिटं उभे राहिले. आत बोलावलं तेव्हा कागद मॅडमच्या फाइलीत गेला होता आणि यादीत शेवटचं नाव तनुजा साळवे असं स्वच्छ लिहिलेलं होतं. घरी काय करायचं तेही मॅडमनी सांगितलं. आजोबांनी धडा वाचून दाखवायचा, तिनं उत्तरं तोंडी द्यायची, आणि लिहायचं फक्त दहा मिनिटं, जेवढं होईल तेवढं, तिचं तिनं.

वाटेत करुणा एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं, मामा." कडुबा तिच्या मागून चालत राहिले.

संध्याकाळी त्यांनी धडा वाचला. तनुजानं ऐकला, विचारलेलं सगळं सांगितलं, पण त्यांच्याकडं न बघता. मग वही घेऊन ती दाराशी गेली आणि त्यांच्याकडं पाठ करून बसली. कडुबांना फक्त तिचा हलणारा खांदा दिसत होता. मधेच तो थांबायचा. थांबला की यांना उठावंसं वाटायचं. पण ते उठले नाहीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. तनुजानं वही मिटली, त्यांना न दाखवता दप्तरात घातली आणि दप्तराची चेन ओढली. किती ओळी झाल्या, हे त्यांनी विचारलं नाही.