नुसता फुंकतो

"आजोबा, फुंकायचं नाही हो, ओढायचं," सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाली.

दादाने तोंडातली प्लॅस्टिकची नळी घट्ट धरली आणि पुन्हा फुंकर मारली. नळीला जोडलेल्या डबीतले तिन्ही चेंडू तळाशी बसून राहिले. श्वास आत ओढला तरच ते वर चढतात. ऑपरेशननंतर छाती मोकळी झाली नाही, तर कफ साचेल आणि मग आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच मला बजावलं होतं.

"यांना ऐकू कमी येतं का?"

ऐकू चांगलं येतं. पण जन्मभर काच फुंकलेला माणूस तो. तापलेल्या नळीतून श्वास आत घेतला तर छाती भाजते, हा आमचा पहिला धडा. वडिलांनी कान पिळून शिकवलेला. तो सिस्टरच्या सांगण्याने थोडाच पुसला जाणार?

दादा फुंकायचा, मी घडवायचो. शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या फुलदाण्या. दुधी काचेवर हिरव्या काचेचा थर चढवायचा आणि नको तेवढा हिरवा आम्लाला खाऊ द्यायचा. मागे उरतात वेलीचे वळसे, लिलीचा देठ, देठावर टेकलेला चतुर. थर कुठे पातळ राहिला, की आम्ल आरपार जातं आणि सगळी मेहनत पाण्यात. दादाच्या फुंकीत थर कधी पातळ राहिला नाही. आणि तरी अकरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात, चार माणसांच्या कौतुकाने शेफारून, मी म्हणालो होतो, "दादा? तो नुसता फुंकतो."

दादा मागेच उभा होता.

भांडला असता तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो वेळेवर भट्टीवर आला. तेव्हापासून आमच्यात तीनच शब्द उरले, तेही माझे. फुंक, हळू, पुरे. बाकी सगळं वहिनीमार्फत. "तुमचे निरोप पोचवून पोचवून माझं कंबरडं मोडलं," ती म्हणायची. माफी मागायचं मी रोज ठरवायचो. आज नको, आज मोठं काम आहे, उद्या बघू. मागच्या वर्षी भट्टी विझवली, तेव्हा ते तीन शब्दही गेले. गाढव मी.

"दादा," मी म्हटलं. डबा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. "ही नळी थंड आहे. ओढ."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओढलं. एक चेंडू चढला. दुसरा अर्ध्यावर लटपटला.

"हळू. हळू. पुरे."

तो धापा टाकत होता. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"दादा, त्या प्रदर्शनात मी जे बोललो..."

"पुरे," दादा म्हणाला.

रागाने नाही. हट्टी पोराला म्हणावं तसं. आणि डबीतून नळी उपसून त्याने ती माझ्यापुढे धरली, फुंकून झाल्यावर भट्टीपाशी धरायचा तशी. अकरा वर्षं मी ज्या वाक्याची जुळवाजुळव करत बसलो, ते त्याला पुरतं ऐकायचंसुद्धा नव्हतं. कुठल्याही दिवशी बोललो असतो तरी चाललं असतं.

"काका, ती नळी का फिरवताय?" सिस्टरने विचारलं.

मी खाली पाहिलं. भट्टीवर हातात आलेली नळी क्षणभर जरी थांबवली तरी टोकावरची काच ओघळते.

"सवय," मी म्हटलं. हात मात्र थांबवता येईनात.