टॉनिकवरचे लावे

लाव्यांच्या विष्ठेचा वास सुगंधाला कधीच सवयीचा झाला नाही. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या, मागच्या पडवीत पिंजऱ्यांची चळत, आणि त्यात ती मुठीएवढी पाखरं दिवसभर खात आणि हगत. पण संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि तिच्या नवऱ्याला, नंदूला, दुसरं काही येत नव्हतं. म्हणून नाकाला पदर लावून का होईना, ती पिंजरे धुवायची.

हा धंदा नंदूच्या गळ्यात बांधला त्याच्या थोरल्या भावाने, चंद्रप्रकाशने. भाऊजींचं सगळं नुसतं तोंडाने. पिंजऱ्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. एवढं मात्र खरं, की कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांनी आणलेली सुक्या यीस्टची पूड पाखरांना मानवली. खाद्यात चिमूटभर मिसळायची, बस्स. खाल्लेलं अंगी लागायला लागलं, छात्या भरल्या. पण तिथेच थांबले तर ते भाऊजी कसले?

"चिमटीने एवढं, तर वाटीने केवढं होईल," असं म्हणून त्यांनी खाडीकडच्या हातभट्टीवरून डबाभर गाळ आणला. "यीस्टच आहे रे हे, नुसतं ओलं. फुगवायचं आणि घालायचं."

फुगवायला मडकं कुठलं? सुगंधाच्या आंबोळीच्या पिठाचं. त्यात पीठ हमखास फुगतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक. ती नळावर गेलेली असताना नंदूनेच ते काढून दिलं. सकाळी बघते तर सासूने गावाहून दिलेल्या त्या मडक्यावर करडा फेस, आणि फेसात मेलेली चिलटं. ती नाकाला पदर लावून मागे सरली.

पाखरं मात्र त्या फेसाळ खाद्यावर आधाशासारखी तुटून पडली. उन्हं चढली तसं ते त्यांच्या आतच फुगत गेलं. गळ्याखालच्या पिशव्या लिंबाएवढ्या टम्म झाल्या, चोचींतून आंबट पाणी गळायला लागलं. बघता बघता बहुतेकांच्या माना लुळ्या पडल्या.

"मरायच्या आत कापू," भाऊजी म्हणाले. "अंधेरीच्या हॉटेलवाल्याला देऊ. टॉनिकवर वाढवलेले लावे म्हणून सांगायचं."

"लोक खाणार ना ते, भाऊजी?"

"मसाला लावला की कोणाला कळतंय गं?"

सुगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून सुरी घासत होता. दादापुढे त्याने जन्मात तोंड उघडलं नव्हतं. आज तरी उघडील, एवढीच तिची आशा होती.

लावे कापून, सोलून टोपली भरली आणि दोघे भाऊ बर्फ आणायला गेले. परत आले तेव्हा दोन ताटं वाढलेली होती. प्रत्येकात वाटण लावलेला एक लावा. लसूण-खोबऱ्यालाही पुरून उरेल असा आंबूस वास खोलीभर पसरला होता.

"जेवून जा, भाऊजी. तुमच्याच टॉनिकचे आहेत."

भाऊजींनी ताट सरकवलं. "आज माझा गुरुवार."

"बुधवार आहे आज."

भाऊजी मग नंदूकडे वळले. "तू खा रे. बायकोने एवढ्या प्रेमाने केलंय."

खाऊ नकोस, सुगंधा मनात म्हणत होती. ढकल ते ताट, मी सगळं विसरते. मडकंसुद्धा.

नंदूने दादाकडे पाहिलं, तंगडी तोडली आणि तोंडात घातली. चावताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी गिळली.

"बरं झालंय," तो म्हणाला.

तिला त्याची किळस आली. गाळाची आली होती, भाऊजींची आली होती, पण अशी नाही.

"टोपली कुठंय?" बर्फाचं पोतं उचलत भाऊजींनी विचारलं.

"पुरली. मागे डोंगरात, मडक्यासकट. हे दोनच ठेवले होते. म्हटलं बघू, कोण खातंय."

भाऊजी तणतणत निघून गेले. नंदूने हातातलं हाड ताटात ठेवलं आणि हात धुवायला उठला. लग्न झाल्यापासून त्याचं उष्टं ताट तीच उचलत आली होती. आज तिने ते तसंच राहू दिलं.